तिसऱ्या मजल्याचा भाव

१

तिसऱ्या मजल्यावरून वास यायला लागून आठवडा झाला होता, आणि आठवडाभर नाकाला रुमाल लावून जिने चढण्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं. माणसं अशीच. वास दुसऱ्याच्या घरातून येत असला की तो आपला प्रश्न नसतो. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंना राहवेना. त्या पहिल्या मजल्यावर फौजदारबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, वर काहीतरी भलतंच झालंय," त्या म्हणाल्या. "तो माणूस आत मरून पडला असेल, आणि आपण खाली बसून जेवतोय."

फौजदारबाई पोलीस खात्यातून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. वर्दी गेली, गुडघे गेले, पण नाव राहिलं, आणि नावाबरोबर आवाजही राहिला. त्या आवाजानं त्यांनी कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावून घेतलं आणि कठड्याला धरत, गुडघ्यांना शिव्या घालत वर निघाल्या.

तिसऱ्या मजल्यावर दोन दारं. उजवीकडे अध्यक्ष राहायचे, भाडेकरू संघटनेचे अध्यक्ष. डावीकडे मौनीबाबा. तो दोन महिन्यांपूर्वी राहायला आला, सामान आणलं त्या दिवशी चार जणांना नमस्कार केला आणि त्यानंतर कुणाशी अवाक्षर बोलला नाही, म्हणून मौनीबाबा. खरं नाव विचारायची कुणाला इच्छाही नव्हती. कारण या एका माणसानं अख्ख्या इमारतीच्या पोटावर पाय दिला होता. ते पुढे सांगतेच.

कुलूपवाल्याची खटपट ऐकून अध्यक्ष बाहेर आले. "अहो बाई, उंदीर मेला असेल! असं कुणाचं दार फोडणं बरं नाही. एजंटला फोन करतो, किल्ली त्याच्याकडे असते."

"करा की. तोवर आम्ही बघतो उंदीर केवढा आहे ते."

दार उघडलं. आत अंधार, जाड पडदे ओढलेले. फौजदारबाईंनी आत पाऊल टाकलं, डावीकडच्या भिंतीवर हात फिरवला आणि नुसत्या गिलाव्यावर बोटं खरवडून घेतली. "दिवा कुठाय मेला?" त्या ओरडल्या. मागून अध्यक्ष आले. एका हातानं नाक धरलेलं, दुसरा हात त्यांनी उजवीकडच्या उंच चपलांच्या कपाटामागे घातला, आणि लख्ख उजेड पडला.

गाण्याच्या बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. ते त्यांनी हळूच उघडले.

पलंगावर चादर नीट घातलेली. कोपऱ्यात टीव्ही. पडद्याच्या फटीतून बाल्कनीत वाळत घातलेले दोन शर्ट दिसत होते, त्यातला निळा चौकटीचा सगळ्यांच्या ओळखीचा, रस्त्यावरूनही दिसायचा. न्हाणीघरात ग्लासात ब्रश, बेसिनमध्ये मूठभर डांबराच्या गोळ्या. आणि वास! तिथं तर उभं राहवेना. पण प्रेत नाही. पलंगाखाली नाही, कपाटात नाही. मेलेला माणूस नाही, जिवंत माणूस नाही, आणि मेलेला उंदीरसुद्धा नाही.

तेवढ्यात एजंट धापा टाकत वर आला. रिकामं घर बघून त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग त्यानं वळून गाण्याच्या बाईंकडे बोट दाखवलं.

"माझ्या भाडेकरूचं काय झालं ते यांना विचारा! परवा संध्याकाळी यांनीच त्याला दारात उभं राहून धमकी दिली."

२

आता त्या धमकीचं सांगते, म्हणजे पोटावर पाय कसा आला तेही कळेल.

या गावात भाड्याच्या इमारतींची एक रीत आहे. तिला म्हणतात शेवटचा भाव. इमारतीत सगळ्यात शेवटी जो भाडेकरू आला असेल त्यानं जे भाडं कबूल केलं, तेच नव्या वर्षी सगळ्यांचं भाडं. प्रत्येकाच्या करारात ही ओळ असते आणि सही करताना ती कुणी वाचत नाही. या इमारतीत मौनीबाबाच्या आधी शेवटच्या आलेल्या गाण्याच्या बाई. त्यांच्यानंतर कित्येक वर्षं नवं कुणी आलंच नाही, म्हणून भाडंही हललं नाही. शेजारच्या इमारतींत भाडी भडकत होती, आणि इथं माणसं सुखानं झोपत होती.

मग तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर सोडून गेले आणि मौनीबाबा आला. त्यानं भाडं कबूल केलं ते दीडपट! घासाघीस नाही, कुरकुर नाही. महिनाअखेर सगळ्यांचे करार बदलायचे होते. म्हणजे सगळ्यांना दीडपट. तळमजल्यावरचं नवराबायकोचं जोडपं ऐकूनच निघून गेलं, कुठं तरी गावाबाहेर, जिथून कामावर जायला अर्धा दिवस लागतो. त्यांच्यामागून तळमजल्यावरचंच आणखी एक घर गेलं. ज्याला त्याला विचारा, उत्तर एकच. मार्केट वाढलंय. एजंट म्हणे मार्केट, मालक म्हणे मार्केट, वर्तमानपत्र म्हणे मार्केट.

"हे मार्केट राहतं तरी कुठं?" फौजदारबाई यजमानांवर खेकसायच्या. "मला एकदा त्याची गचांडी धरायची आहे."

गाण्याच्या बाईंना निघून जाण्याचीही सोय नव्हती. त्यांची आई आंधळी. नजर गेली ती याच घरात आल्यावर, हळूहळू. जसजशी नजर जात होती तसतसं आजींनी घर हातानं पाठ केलं. पलंगापासून मोरीपर्यंत भिंत, भिंतीवरचा खिळा, मग चौकट. स्वयंपाकघरात ओट्याची कड, कडेला फुटकी फरशी, तिथून डावीकडे पाणी. त्या घरात म्हातारी एकटी फिरायची, स्वतःचा चहा स्वतः करायची, आणि बाहेरच्या खोलीत मुलीची शिकवणी निवांत चालायची. दुसऱ्या घरात नेली असती तर त्याच दिवशी ती पलंगाला खिळली असती. मुलीनं जास्तीच्या शिकवण्या धरल्या, घसा बसेस्तोवर गायली, तरी दीडपट जमेना. परवा संध्याकाळी तिचा तोल गेला. वर जाऊन तिनं मौनीबाबाचं दार बडवलं. "तुमच्यामुळे माझी आई रस्त्यावर येणार! बाहेर या, तोंड तरी दाखवा!" आत टीव्ही चालू होता. दार उघडलं नाही.

आणि आता एजंट करारातली दुसरी ओळ वाचून दाखवत होता. शेजाऱ्याला धमकावणाऱ्याचा करार रद्द. दीडपट भाडं देतो म्हटलं तरी रद्द.

"महिनाअखेर घर रिकामं करा," तो गाण्याच्या बाईंना म्हणाला. "तो बिचारा घाबरून पळाला की त्याचं आणखी काही झालं, ते पोलीस बघतील."

फौजदारबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण खात्यात एक गोष्ट त्या शिकल्या होत्या, राग आला की आधी तोंड बंद आणि डोळे उघडे. त्यांनी कुलूपवाल्याकडून नवं कुलूप घेतलं, दाराला लावलं आणि किल्ली पदरात बांधली.

"अहो, ती किल्ली माझी!" एजंट म्हणाला.

"कुलूप माझ्या पैशाचं आहे. किल्ली माझ्याकडेच राहणार. पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलवा, चहा मी करते."

पोलिसांना बोलवायचा विषय एजंटनं पुन्हा काढला नाही. ही गोष्ट फौजदारबाईंनी मनाशी नोंदवून ठेवली.

३

आधी मालक. समोरच्या गल्लीत बंगला, अंगणात कुंड्या, हातात पाण्याची झारी. माणूस मऊ, बोलणं त्याहून मऊ.

"मला काय कळतंय बाई त्यातलं? सगळं एजंट बघतो. भाडेकरू चांगला आहे म्हणाला, म्हटलं असेल."

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"नाही बुवा."

"घर तुमचं, भाडं दीडपट, आणि माणूस पाहिलाही नाही?"

"पैसे वेळेवर येतात. मी विचारत नाही." मालकांनी कुंडीत पाणी घातलं. "माझेही खर्च वाढलेत हो. मार्केटच तसं आहे."

फौजदारबाईंनी झारीकडे पाहिलं, ती मालकांच्या डोक्यावर उपडी करावी असा विचार मनात आला, आणि त्या उठल्या.

एजंटच्या ऑफिसात गार हवा, काचेचं टेबल, भिंतीवर वर चढत जाणाऱ्या रेघेचं मोठं चित्र. मौनीबाबाचं नाव विचारलं तर तो करार काढायला लागला.

"कागद नको," फौजदारबाई म्हणाल्या. "कागदावर मीसुद्धा राजकन्या असू शकते. माणूस कुठं कामाला होता, कुठून आला, ते तोंडानं सांगा."

"खाजगी माहिती आहे ती. बाई, तुम्ही भावनेच्या भरात आहात. भाडं मी ठरवत नाही, मागणी ठरवते. लोक रांगा लावून उभे आहेत."

"मग आमच्या तळमजल्यावरची घरं रिकामी का?"

एजंट हसला. असं हसणं फौजदारबाईंनी कोठडीच्या गजांआड खूप पाहिलं होतं, मोकळ्या हवेत पाहून त्यांना चीड आली.

राहता राहिले अध्यक्ष. खरं तर त्यांना विचारायचं काय, ते तर आपलेच. भाडेवाढीविरुद्ध पहिली सभा त्यांनी घेतली. तावातावानं बोलले, घसा फुटेस्तोवर. सगळ्यांकडून सह्या घेतल्या, अर्ज घेऊन मालकाकडे गेले, आणि हात हलवत परत आले. आपल्याकडून होईल तेवढं केलं म्हणाले. त्यांनी फौजदारबाईंना खुर्ची दिली आणि मोठा उसासा टाकला.

"गाण्याच्या बाई मनानं चांगल्या आहेत हो. पण राग! मी माझ्या कानांनी ऐकलं. तो फार घाबरला होता."

"तुम्हाला कसं कळलं? तो तर कुणाशी बोलत नव्हता."

"माझ्याशी बोलायचा कधीमधी. समोरासमोर दारं. त्या दिवशी त्या ओरडून गेल्यावर मी त्याच्याकडे गेलो, म्हटलं धीर द्यावा. त्यानं चहा केला. कप धरलेले हात थरथरत होते त्याचे. म्हणाला, मी निघून जातो." अध्यक्षांनी डोळे पुसले. "पोलिसांनी विचारलं तर मला खरं ते सांगावंच लागेल. इलाज नाही."

फौजदारबाई खाली आल्या तेव्हा दुसऱ्या मजल्याचं दार उघडं होतं. आत पुठ्ठ्याची खोकी. गाण्याच्या बाई सामान बांधायला लागल्या होत्या. आणि मधल्या वाटेत, जिथं रोज मोकळी भिंत असायची तिथं रचलेल्या खोक्यांसमोर, आजी हात पुढं करून उभ्या होत्या.

"अगं, माझी भिंत कुठं गेली?" त्या विचारत होत्या.

४

त्या दिवशी जेवायला बसल्यावरही फौजदारबाईंचं डोकं तिसऱ्या मजल्यावरच होतं.

"सगळं जुळतंय," त्या यजमानांना म्हणाल्या. "धमकी दिली, तो घाबरला, पळाला. शेजारी साक्षीला आहे. मी खात्यात असते तर मीही तिच्याकडेच बोट दाखवलं असतं. फक्त तो वास कुठं बसत नाही. ती ओरडली परवा, वास आठवड्याचा."

यजमान बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर बायकोच्या गुन्हेगारांच्या गोष्टी ऐकून कान किटलेला माणूस. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "प्रेताचा नव्हता ना?"

"नाही. गटाराचा."

"मग मागच्या वर्षी आपण लेकीकडे दोन महिने राहून आलो तेव्हा आला होता तसला? आठवतंय? दार उघडलं आणि तू म्हणालीस, घरात खून झालाय."

फौजदारबाईंचा हात ताटातच थांबला.

मग त्या उठल्या. जेवण टाकून. एक बादली भरून यजमानांच्या हातात दिली, आणि दोघं वर गेले. ते पुढं, त्या मागं, अर्धं पाणी जिन्यात सांडत. न्हाणीघरात मोरीच्या जाळीवर टॉर्च धरला तर खाली कोरडं ठणठणीत.

कुणाच्याही घरात मोरीच्या जाळीखाली थोडं पाणी कायम साचलेलं असतं. तेच खालचा वास अडवून धरतं. रोज अंघोळ केली, हात धुतले, की ते आपोआप भरलेलं राहतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण घर बंद ठेवा, पाणी वापरू नका, की ते हळूहळू सुकतं. एका दिवसात नाही हं. आठवडे जावे लागतात. यजमानांनी बादली ओतली, मोरीत आणि बेसिनमध्ये. खिडकी उघडली.

मग फौजदारबाई घरभर फिरल्या. या वेळी नाक न दाबता. स्वयंपाकघरातली शेगडी चकचकीत, आणि तिच्यावर कारखान्यातून येतं ते पातळ प्लॅस्टिक अजून तसंच ताणून बसलेलं. एक बर्नर जरी पेटला असता तर ते वितळून गेलं असतं. कप होते, उलटे घातलेले, बुडाला किमतीच्या चिकट्या. बाल्कनीत जाऊन त्यांनी निळ्या शर्टाचे चिमटे काढले. शर्ट उन्हानं विटून पांढुरका झाला होता, आणि चिमट्यांखाली दोन गडद निळे चौकोन. नव्यासारखे.

"अहो, हे बघा. हे चिमटे एकदा लावले ते कुणी काढलेच नाहीत."

"म्हणजे आपण रोज रस्त्यावरून पाहायचो ते..."

"कपडे वाळत नव्हते. आपल्याला दाखवायला टांगले होते." फौजदारबाईंनी शर्ट मुठीत चुरगाळला. "इथं कुणी राहतच नव्हतं हो! दीडपट भाडं देणारा माणूसच नाही! माणसं घर सोडून गेली, ती पोरगी गळा फाटेस्तोवर गातेय, म्हातारी भिंत शोधतेय, कुणासाठी? एका शर्टासाठी?"

यजमानांनी शांतपणे बादली उचलली. "पण संध्याकाळी दिवा लागायचा. टीव्हीचा आवाज यायचा. शर्ट काही टीव्ही लावत नाही. एजंटला जिन्यात रोज कुणीतरी पाहिलं असतं."

"एजंट येतच नव्हता," फौजदारबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या खरवडलेल्या बोटांकडे पाहिलं. "कोण यायचं ते मला कळलंय."

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. भाडेकरू जिन्यात पायऱ्या अडवून बसले. मालक आले, कारण त्यांना सांगितलं होतं की घराचं नुकसान झालंय. एजंट आला, कारण मालक आले. गाण्याच्या बाई आईचा हात धरून वर आल्या.

फौजदारबाईंनी कुलूप काढलं, दार ढकललं. आत पडदे ओढलेले, काळोख.

"जरा दिवा लावा हो कुणीतरी," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे!"

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ आत गेले, डावीकडे चाचपडले, काही सापडलं नाही. गाण्याच्या बाई गेल्या, उजवीकडे हात नेला आणि कपाटावर आपटला. "अध्यक्ष, तुम्ही बघा बरं," फौजदारबाई कंटाळल्यासारख्या म्हणाल्या. अध्यक्ष पुढं झाले, कपाटामागच्या फटीत हात घातला आणि खट्कन दिवा लागला.

"वास गेलाय की!" कुणीतरी म्हणालं.

"एक बादली पाणी ओतलं, गेला," फौजदारबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मोरीची सगळी हकीकत सांगितली. शेगडीवरचं प्लॅस्टिक दाखवलं, कपांची बुडं दाखवली, शर्ट हातोहात फिरवला. जिन्यात कुजबूज वाढत गेली. एजंट दाराकडे सरकला, पण पायऱ्यांवर माणसं होती आणि कुणी पाय आखडून वाट देईना.

"या घरात आठवडेच्या आठवडे कुणी अंघोळ केलेली नाही. शेगडी एकदाही पेटलेली नाही. म्हणजे मौनीबाबाला गाण्याच्या बाईंनी पळवलं नाही. नसलेल्या माणसाला कोण पळवणार? आता प्रश्न उरतो दिव्याचा आणि टीव्हीचा. रोज संध्याकाळी कुणीतरी यायचं, आणि जिन्यात कुणाला दिसायचं नाही. अध्यक्ष, या घरातलं बटण कपाटामागे आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"अं? सगळ्या घरांत सारखंच असतं की बटण."

"नसतं. उजवीकडची घरं आणि डावीकडची घरं एकमेकांची आरशातली रूपं आहेत. माझं घर उजवीकडचं, तुमचंही. आपली बटणं दारातून शिरल्यावर डाव्या हाताला. म्हणून मी त्या दिवशी डावीकडे बोटं खरवडून घेतली. तुमचाही हात सवयीनं डावीकडे जायला हवा होता. तो उजवीकडे गेला, तोही कपाटामागे. गाण्याच्या बाई डावीकडच्या घरात राहतात, त्यांनासुद्धा ते सापडलं नाही. तुम्ही दोनदा न बघता लावलंत."

"डॉक्टर राहायचे तेव्हा मी यायचो..."

"कपाट मौनीबाबाच्या सामानाबरोबर आलं. आपण सगळ्यांनी ते चढवताना पाहिलंय."

अध्यक्षांनी ओठांवरून जीभ फिरवली. "बरं, यायचो मी मौनीबाबाकडे. सांगितलं नाही का तुम्हाला? चहाला यायचो. तेव्हा पाहिलं बटण."

"वा," फौजदारबाई म्हणाल्या. "कुठल्या शेगडीवर केला हो त्यानं चहा?"

अध्यक्षांनी शेगडीकडे पाहिलं. प्लॅस्टिकवर दिव्याचा उजेड चमकत होता.

"तुम्ही घरात येत होतात, आणि घरात माणूस नव्हता. किल्ली तुमच्याकडे. दारं समोरासमोर, दोन पावलं टाकली की आत, जिन्यात दिसायचा प्रश्नच नाही. दिवा लावायचा, टीव्ही लावायचा, झोपायच्या आधी बंद करायचा. वास यायला लागला तेव्हा तुम्ही बेसिनमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्यात. आयुष्यात कधी मोरी धुतली असतीत तर तांब्याभर पाणी ओतलं असतं, आणि हे कुणाला कधी कळलंही नसतं! वर त्या पोरीविरुद्ध साक्ष द्यायला निघालात. काय मिळणार होतं? बोला."

एजंट बोलला, कारण तसल्या माणसांना एकट्यानं बुडायचं नसतं. "यांचं भाडं जुनंच राहणार होतं," तो म्हणाला. "यांनीच मागितलं तसं. उगाच मला एकट्याला धरू नका."

"आणि सामान घेऊन आला तो?"

"मेहुणा माझा. त्याच्या नावाचं भाडं मीच भरत होतो, सगळ्यांची भाडी वाढली की माझं कमिशन वाढणार होतं."

आता मात्र जिन्यात गलका झाला. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ, जे कधी मोठ्यानं शिंकतही नसत, ते अध्यक्षांच्या अंगावर धावून गेले. "आमच्या सह्या घेतल्यास तू! आमच्यासाठी भांडतो म्हणालास! तळमजल्यावरची माणसं जाताना तुझ्या गळ्यात पडून रडली रे!" त्यांना दोघांनी आवरलं. पण आवरणाऱ्यांचेही हात शिवशिवत होते.

६

मालक घसा खाकरून म्हणाले, "मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं हं. दीडपट भाडं कोण का देतंय, मी काही विचारलं नाही."

"तेच तर!" फौजदारबाई त्यांच्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज पार तळमजल्यापर्यंत गेला. "विचारलं नाहीत! पैसे कुठून येतात विचारलं नाही, माणूस कोण आहे विचारलं नाही, दोन कुटुंबं कुठं गेली तेही विचारलं नाही. न विचारण्याचेच तर पैसे घेत होतात तुम्ही. आणि आम्हाला सांगत होतात, मार्केट! महिनाभर मी शोधतेय त्या मार्केटला. हे बघा, सापडलं. एक शर्ट, एक टीव्ही आणि एक मेहुणा. हे तुमचं मार्केट!"

मालकांनी रुमालानं कपाळ पुसलं. "आता काय करायचं म्हणता?"

"पोलीस खालीच येऊन थांबलेत, या दोघांचं ते बघतील. तुमचं मी सांगते. करारातली ती ओळ आहे ना, सगळ्यात शेवटी आलेल्या भाडेकरूचं भाडं ते सगळ्यांचं भाडं? ती आम्हाला मान्य आहे. मौनीबाबा नव्हताच म्हटल्यावर या इमारतीत सगळ्यात शेवटी आलं कोण?"

पायऱ्यांवरून एकेक मान वळत गेली, गाण्याच्या बाईंकडे.

"मी," त्या पुटपुटल्या.

"हिचा भाव तो सगळ्यांचा भाव. जो आहे तो. आणि निघून गेलेल्या दोन घरांना तुम्ही स्वतः जाऊन परत बोलवायचं. एजंटला पाठवायचं नाही. स्वतः जायचं, झारी बाजूला ठेवून."

मालकांनी मान हलवली. पोलीस दाराशी उभे असले की मऊ माणसं आणखी मऊ होतात.

त्यानंतर आठवडाभर फौजदारबाईंकडे लोकांची रीघ लागली. पलीकडच्या इमारतीतली एक बाई सांगत आली, आमच्या समोरच्या बाल्कनीत एक पिवळा टॉवेल आहे, तो पावसातसुद्धा कुणी आत घेत नाही. मग आणखी एक जण आला, मग आणखी एक. यजमान दार उघडून थकले. "अगं, अख्ख्या गावात माणसं राहतात की नुसते कपडेच?" त्यांनी विचारलं. फौजदारबाईंना हसू आलं नाही. त्यांनी गुडघ्यांना पट्टे बांधले आणि त्या बाईबरोबर टॉवेल बघायला निघाल्या.

जाण्याआधी त्या दुसऱ्या मजल्यावर डोकावल्या, तर दार उघडंच होतं. गाण्याच्या बाई खोकी रिकामी करून जिन्यात आणून टाकत होत्या. आत मधली वाट मोकळी झाली होती. आजी पलंगावरून उठल्या, हात पुढं केला, आणि हाताला भिंत लागली. त्या भिंतीवरून बोटं फिरवत निघाल्या. खिळ्यापाशी थांबल्या, तो चाचपला.

"आहे गं," त्या आतूनच मुलीला म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी आहे. चहा ठेवते, फौजदारबाईंना सांग थांबायला."